सातवी नस

त्या सकाळी माझ्या नवऱ्याच्या तोंडातून चहा सांडला आणि मी त्याच्यावर वैतागले. शर्ट नुकताच इस्त्री करून दिलेला होता. मला वाटलं, नेहमीसारख्या नकला चालल्यात. हा माणूस आरशासमोर, चहाच्या कपासमोर, फोनवर बोलतानासुद्धा तोंडं करत असतो. गाल फुगवायची सवय लहानपणापासूनची. म्हणून त्याची थोरली बहीण, आमच्या ताई, त्याला आजही फुग्या म्हणतात.

"रुमाल घे," मी म्हटलं.

त्याने तोंड पुसलं, पुन्हा घोट घेतला, पुन्हा डाव्या कोपऱ्यातून धार लागली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू घाबरलेली होती. डावी मात्र शांत आणि गुळगुळीत होती, जणू तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी शाळेत पीटी शिकवते. मोडलेले हात, फुटलेली डोकी, उन्हात चक्कर येऊन पडलेली मुलं, सगळं पाहिलंय. माझे हातपाय सहसा गळत नाहीत. पण त्या वेळी अर्धांगवायू हा एकच शब्द डोक्यात आला आणि तिथेच अडून बसला. मी ताईंना फोन लावला. त्या वरच्याच मजल्यावर राहतात आणि मेडिकल कॉलेजात मेंदूची रचना शिकवतात.

"गाडीची किल्ली हातात घे. मी आले," एवढंच म्हणाल्या.

ओल्या केसांनीच आल्या. भावाला खुर्चीवर बसवून समोर वाकल्या. मी त्याच्या पायात बूट घालत होते, तेवढ्या वेळात त्यांचं काम झालं.

"दोन्ही हात पुढे. डोळे मिट आणि धरून ठेव. बोटं आवळ माझी. आज वार कोणता?"

त्याने वार सांगितला. शब्द ओले, फुसफुसणारे, पण वार बरोबर.

"जीभ काढ. खांदे उडव. दात आवळ. माझ्या बोटाकडे बघ, डोकं न हलवता." बोट वर, खाली, कडेला फिरलं. "आता डोळे घट्ट मिट."

उजवा मिटला. डावा अर्धाच मिटला, आतलं बुबुळ वर सरकलं आणि पांढरं दिसायला लागलं. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"भुवया वर कर. आश्चर्य वाटल्यासारखं. हं, बहिणीने चहा करून दिला असं समज."

त्या परिस्थितीतही तो हसला, अर्ध्या तोंडाने. त्याच्या उजव्या कपाळावर आठ्या पडल्या. डावं कपाळ परीटघडीच्या चादरीसारखं राहिलं. ताईंनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

"मेंदूतलं काही नाही, असं मला वाटतंय," त्या म्हणाल्या. "वाटतंय म्हणतेय, लक्षात घे. खात्री हॉस्पिटलात होईल. चला."

गाडीत मी विचारलं, कपाळावरून काय कळलं? ताई मागे भावाशेजारी बसल्या होत्या. शिकवायची संधी त्यांनी आजवर कधी सोडलेली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांच्या बोलण्यानेच मी गाडी सरळ चालवू शकले.

"चेहऱ्याच्या खालच्या भागाला हुकूम येतो मेंदूच्या एकाच बाजूकडून, विरुद्ध बाजूकडून. कपाळाला मात्र दोन्ही बाजूंकडून येतो. मेंदूत घोटाळा झाला असता, तर एका बाजूचा हुकूम बंद पडला असता आणि दुसरीने कपाळ सांभाळून घेतलं असतं. तोंड वाकडं, कपाळ ठीक, असं दिसलं असतं. याचं कपाळही गेलंय. म्हणजे हुकूम निघतोय, वाटेतली तार दबलीय. सातवी नस. डोक्यातून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, त्यातली ही सातवी. कानामागच्या हाडात बोळासारखी अरुंद वाट आहे, तिथून ती चेहऱ्यावर येते. फुग्या, कानामागे दुखत होतं का रे?"

"कालपासून," तो म्हणाला.

"आणि सांगितलं नाहीस."

"तू लेक्चर दिलं असतंस."

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने हेच सगळं पुन्हा केलं, जास्त सावकाश. कानात दिवा घालून पुरळ आलंय का पाहिलं, रक्त घेतलं, आणि ताई म्हणाल्या तेच सांगितलं. नस सुजलीय, बोळात अडकलीय. सूज उतरवायच्या गोळ्या आजच सुरू करायच्या, उशीर नको. डोळ्याची पापणी मिटत नाही, म्हणून दिवसा थेंब आणि झोपताना पट्टी.

"नीट होणार ना?" मी विचारलं.

"बहुतेक जण बरे होतात. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. डोळा मात्र जपा. चेहरा वाट बघू शकतो, डोळा नाही."

आता माझा नवरा काय काम करतो ते सांगायला हवं, म्हणजे त्याचा चेहरा गेला म्हणजे काय गेलं ते कळेल. तो काच फुंकतो. शोभेची नाही, प्रयोगशाळेतली. घरामागे त्याची कार्यशाळा आहे. लांब टेबल, त्यावर गॅस आणि ऑक्सिजनची शेगडी, भिंतीला लावलेल्या काचेच्या नळ्या आणि कोपऱ्यात तयार काच हळूहळू थंड करायची विजेची भट्टी. नळी ज्योतीत धरून दोन्ही हातांनी फिरवायची, मऊ झाली की बाहेर काढून दुसऱ्या टोकाने हवा भरायची. ती हवा तो दातांत धरलेल्या रबरी नळीतून देतो. हात फिरवतात, डोळे बघतात आणि ओठ ठरवतात. सगळ्यात बारीक काम ओठांचं असतं. ओठ सैल पडले की काच वेडीवाकडी फुगते.

आणि त्या वेळी तो जे करत होता, ते त्याने आजवर केलं नव्हतं. ताईंसाठी मेंदूतल्या पोकळ्या.

आपल्या मेंदूच्या आत पोकळ्या असतात हे मला लग्नानंतर कळलं. ताई म्हणतात, मेंदू हा भरीव गोळा आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात आत चार खोल्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यातून पाण्यासारखा पातळ द्रव सतत वाहत असतो. वर दोन मोठ्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या. त्यांच्यामध्ये खाली तिसरी, उभी, फटीसारखी चपटी. तिथून एक बारीक नळी खाली जाते आणि चौथीत उघडते. चौथी तंबूसारखी, लहान मेंदूच्या पुढ्यात. विद्यार्थी हे चित्रात पाहतात, पाठ करतात आणि परीक्षेत उलटंसुलटं काढतात. विभागप्रमुखांनी प्लॅस्टिकचा नमुना मागवायचं ठरवलं होतं. ताईंनी सांगितलं, प्लॅस्टिकमधून पाणी वाहताना दिसणार नाही, माझा भाऊ काचेत करून देईल. भावाला त्यांनी हे नंतर सांगितलं.

आजारपणाच्या आधी वरच्या दोन शिंगाळ्या खोल्या झाल्या होत्या. कपाटात कापसावर ठेवलेल्या. तिसरी, नळी आणि चौथी राहिली होती, आणि ताईंचा नवा वर्ग सुरू व्हायला फार अवधी नव्हता.

घरी आल्यावर पहिले काही दिवस आम्ही तिघं त्याच्या चेहऱ्याभोवतीच फिरत होतो. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं ऐकलं होतं, मी डोळ्यात थेंब घालून लक्ष ठेवलं. जेवताना घास डाव्या गालात अडकून बसायचा आणि तो बोटाने काढायचा. सूप प्यायला तर म्हणाला, डाव्या बाजूला पत्रा चाटल्यासारखं लागतंय. मला वाटलं सूप बिघडलं. ताई म्हणाल्या, जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी बारीक तार याच सातव्या नसेबरोबर जाते. "म्हणजे तुझ्या हाताची चूक नाही," त्या मला म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे वळून, "मीठ कमी आहे ते वेगळं."

सगळ्यात विचित्र होते ते आवाज. ताटात चमचा पडला तरी तो डावा कान दाबून धरायचा. ताईंनी त्याचंही कारण सांगितलं. कानात एक इवलासा स्नायू असतो, शरीरातला सगळ्यात छोटा. मोठा आवाज आला की तो आतलं हाड आवरून धरतो. त्यालाही सातवीच नस. ती झोपली, म्हणून दार सताड उघडं.

"एक नस," तो म्हणाला, "आणि एवढी खाती तिच्याकडे?"

"म्हणून तर मी तिच्यावर तीन लेक्चरं घेते."

एका दुपारी मी शाळेतून आले तर कार्यशाळेतून शेगडीचा आवाज येत होता. आत गेले. कानात कापूस कोंबून तो ज्योतीसमोर बसला होता. तोंडात रबरी नळी उजव्या बाजूला, आणि डाव्या तळव्याने गाल दाबून धरलेला. पण मग काच फिरवायला एकच हात उरत होता. टेबलावर चारपाच बिघडलेले फुगे पडले होते, एकही गोल नव्हता. डावा डोळा लालभडक झाला होता. थेंब कधी घातले होते कुणास ठाऊक.

मी शेगडी बंद केली. बोलायचं काम ताईंनी केलं, डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आल्यावर. बुबुळावर ओरखडा आला होता. थोडक्यात निभावलं होतं.

"फुग्या, आठ्या पडत नाहीत म्हणून अक्कलही पडून राहिली का? ज्योतीसमोर, उघड्या डोळ्याने, पापणी मिटत नसताना. नस परत येईल रे. बुबुळ गेलं तर ते कोण काचेचं करून देणार, तू?"

तो खाली मान घालून म्हणाला, "प्लॅस्टिकचं मागवायला सांग त्यांना."

त्याच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. भावाने एखादं काम जमत नाही म्हणून सोडल्याचं ताईंनाही आठवत नसावं.

पुढचा आठवडा डोळ्यावर बंद पट्टी होती. तो खिडकीशी बसून राहायचा. मी शाळेत मुलांना पळवत होते, शिट्टी मारत होते, आणि एकदा शिट्टी तोंडात असतानाच डोक्यात आलं, की या घरात हवा देऊ शकणारं आणखी एक तोंड आहे. माझं. मैदानाच्या या टोकावरून मारलेली माझी शिट्टी त्या टोकाच्या मुलाला थांबवते.

पट्टी निघाल्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना विचारलं, काम करू देऊ का. त्या म्हणाल्या, चारी बाजूंनी बंद चष्मा, थोडा थोडा वेळ आणि दर थोड्या वेळाने थेंब. मान्य असेल तर करा.

संध्याकाळी मी त्याच्यासमोर रबरी नळी धरली. "एक टोक तुझ्या काचेला लाव. दुसरं मी धरते."

"तुला काय येतंय?"

"फुंकता येतं. दररोज फुंकते."

"काच आहे ती. तुझा चौथीचा वर्ग नाही."

"मग शिकव. तुम्ही भावंडं नाहीतरी शिकवल्याशिवाय राहत नाही."

पहिल्याच फुंकरीत मी काचेचा पापुद्रा करून टाकला. फुगा एवढा मोठा आणि पातळ झाला की हवेत तरंगत फुटला आणि त्याचे कपटे आमच्या डोक्यावर पडले. तो हसत सुटला. आजारी पडल्यापासून असा पहिल्यांदाच. हसताना त्याचं तोंड एकाच बाजूला गेलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"फुंकायचं नाही," तो म्हणाला. "नुसता श्वास सोडायचा. चष्म्याच्या काचेवर वाफ धरतेस ना, तेवढाच."

दुसरी अडचण अशी आली की त्याचं बोलणं मला कळेना. शेगडीचा घोंघाट आणि त्यात त्याचे ओठ मिटत नव्हते. 'फुंक' म्हटलं काय आणि 'पुरे' म्हटलं काय, दोन्ही शब्द फुसकन हवाच होऊन यायचे. तो ओरडत होता पुरे, मला वाटत होतं फुंक, आणि मी इमानेइतबारे हवा देत होते. 'बस' म्हणालास तर, मी सुचवलं. त्याने म्हणून पाहिलं. तेही फुसकंच निघालं.

ताई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "प, फ, ब, भ, म," त्या म्हणाल्या. "पाचही ओठांची अक्षरं. ओठ सातव्या नसेचे. जीभ बारावीची, ती ठणठणीत आहे. जिभेचे आणि घशाचे शब्द घ्या."

मग आम्ही आमची भाषा ठरवली. हवा हवी असेल तर 'दे'. कमी हवी तर 'हळू'. थांबायचं तर 'सोड'. मागे ओढायची असेल तर 'आण', म्हणजे मी किंचित चोखून घ्यायचं. एवढ्या चार शब्दांवर आमचा संसार चालू झाला. ताई म्हणाल्या, लग्नात हेच ठरवून घेतलं असतं तर माझा निम्मा त्रास वाचला असता.

रोज शाळा सुटल्यावर बसायचो. घड्याळ लावून थांबायचो, थेंब घालायचो, चहा घ्यायचो, पुन्हा बसायचो. हळूहळू मला काच कळायला लागली. माझ्या तोंडात फक्त रबराचं टोक असायचं, पण समोर नारिंगी काच किती मऊ आहे ते जिभेला समजायचं. ती सैल असली की हवा आपोआप आत जाते, थंड व्हायला लागली की उलटा दाब येतो. एके दिवशी त्याने 'हळू' म्हणायच्या आधीच मी हवा कमी केली. त्याने हात फिरवता फिरवता माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याच्यासारख्या माणसाकडून ही फार मोठी शाबासकी होती.

तिसरी खोली जमली. मग ती बारीक नळी, आणि मग चौथी. सगळं एकमेकांना जोडलं, भट्टीत ठेवलं, आणि सकाळी उघडलं तर नळीच्या जोडावर केसाएवढी चीर होती. हात लावल्याबरोबर टिक् असा आवाज होऊन चौथी खोली नळीसकट गळून पडली.

मला रडू आलं. त्याला नाही आलं. त्याने तुकडा उजेडात धरून चीर कुठून निघाली ते पाहिलं. "जोड एका बाजूने लवकर थंड झाला. माझा हात घाई करत होता, तुझी हवा ठीक होती." मग म्हणाला, "वरचं शाबूत आहे. चौथी परत करू. मागचीपेक्षा चांगली होईल."

हाच माणूस काही दिवसांपूर्वी प्लॅस्टिक मागवा म्हणत होता.

दुसऱ्यांदा चौथी खोली करायच्या आधी ताईंनी एक नवीनच मागणी काढली. कागदावर चित्र काढून आणलं होतं. "या खोलीची जमीन म्हणजे मेंदूच्या देठाची पाठ. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या टेकड्या आहेत. तिथे पोकळी आत दबते. काचेत तिथे खळगे हवेत."

"मागच्या वेळी सांगितलं नाहीस."

"मागच्या वेळी तुला एवढं जमेल असं वाटलं नव्हतं."

"कसल्या टेकड्या?"

"तुझ्याच. सातवी नस तिथे वळते. सरळ पुढे बाहेर पडायचं सोडून ती आधी मागे येते, सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालते आणि मग पुढे जाऊन बाहेर निघते. त्या वळशाचा तो उंचवटा."

"सरळ का जात नाही?" मी विचारलं.

"कारणं सांगतात लोक. मला एकही पूर्ण पटलेलं नाही."

"तुमच्या घराण्यातली नस दिसते," मी म्हटलं, आणि दोघंही भावंडं एकाच वेळी माझ्याकडे बघायला लागली.

ते खळगे त्याने ज्या मायेने केले, ते मी विसरणार नाही. लहान ज्योत, काचेवर वाटाण्याएवढा लाल ठिपका, बारीक सळईचं टोक अलगद टेकवलेलं. "आण," तो म्हणाला, आणि मी एवढीशीच हवा मागे घेतली. काच आत झुकली आणि थांबली. आधी डावा खळगा केला, मग उजवा. या खेपेला त्याने जोडावर ज्योत बराच वेळ फिरवत ठेवली, मी कंटाळेपर्यंत. सकाळी भट्टी उघडली. चीर नव्हती.

ताईंनी आम्हा दोघांना पहिल्या तासाला बोलावलं. उतरती बाकं, पांढरे कोट घातलेली शंभरेक मुलंमुली, पुढे टेबलावर स्टँडला लावलेला आमचा काचेचा मेंदू. म्हणजे मेंदू नव्हेच, मेंदू काढून टाकल्यावर उरणारी जागा. दिव्याखाली तो पाण्यातल्या प्राण्यासारखा दिसत होता. वर्गात कुजबूज झाली. विभागप्रमुख पहिल्या बाकावर बसले होते.

ताईंनी वरच्या दोन खोल्यांत निळं पाणी सोडायला सुरुवात केली. पाणी शिंगांतून फिरलं, मधल्या छिद्रांतून तिसऱ्या खोलीत उतरलं, ती भरली आणि थांबलं. बारीक नळीच्या तोंडाशी हवेचा एक बुडबुडा अडकला होता. ताईंनी काचेवर टिचकी मारली. बुडबुडा हलला नाही. वरच्या खोल्यांत पाणी चढायला लागलं. विभागप्रमुखांनी घसा खाकरला.

ताई जराही गडबडल्या नाहीत. वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हे नीट बघून घ्या. वाट कुठे बंद आहे? इथे. पाणी कुठे साठतंय? वरच्या तिन्ही खोल्यांत. चौथी कोरडी. जन्मतः ही नळी अरुंद असलेल्या बाळांचं डोकं मोठं का होतं, हे आता तुम्ही पाठ करायची गरज नाही. तुम्ही पाहिलंय." मग माझ्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात, "पीटीबाई, जरा या इकडे."

मी उठले. चौथ्या खोलीच्या खालच्या तोंडाला रबरी नळी लावलेली होती. मी टोक ओठांत धरलं. नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आण." मी श्वास घेतला, जेमतेम वास घेण्याएवढा. बुडबुडा लांबट झाला, नळीत शिरला, सरकत सरकत खाली आला आणि फुटला. त्याच्या मागोमाग निळी रेघ उतरली आणि तंबूसारखी खोली भरून गेली. त्या दोन खळग्यांभोवती पाणी गडद झालं आणि ते शेवटच्या बाकावरूनही दिसले असावेत, कारण मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, ते दोन ठिपके कसले?"

"विचारलंस ते बरं केलंस," ताई म्हणाल्या आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "हे काचकाम करणारे माझे बंधू. यांच्या चेहऱ्याकडे बघा आणि तुम्हीच सांगा. हरकत नाही ना रे?"

"आता विचारतेस?" तो म्हणाला आणि वर्ग हसला.

मुलांनी त्याला भुवया उंचवायला लावल्या, डोळे मिटायला लावले, शीळ घालायला लावली. त्याने सगळं केलं. एरवी तो पाहुण्यांसमोरही डावी बाजू भिंतीकडे करून बसायचा. इथे दिव्याखाली उभा राहून एका मुलाला सांगत होता, "कपाळ बघितलंस का? आधी कपाळ बघ. माझ्या बायकोचा जीव कपाळानेच परत आणला." विभागप्रमुख तास संपल्यावर खाली वाकून जोड बघत राहिले. ताईंना म्हणाले, प्लॅस्टिकची ऑर्डर रद्द करतो. ताई म्हणाल्या, मी मागेच केलीय.

त्यानंतर चेहरा परत यायला लागला. आधी डाव्या ओठाचा कोपरा दाढी करताना किंचित थरथरला. त्याने आरशासमोरून हाक मारली आणि आम्ही दोघी धावलो. मग पापणी मिटायला लागली, पट्टी सुटली. पत्र्याची चव गेली. चमचा पडला तर तो आता चमच्याकडे बघतो, कान दाबत नाही.

पूर्ण पहिल्यासारखं झालं नाही. ओठ पुढे काढले की डावा डोळा आपोआप मिटतो. ताईंनी टॉर्च मारून हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. परत वाढताना तारा आपली जुनी वाट चुकतात, ओठाकडे जायची तार डोळ्याकडे पोचते, असं त्यांचं म्हणणं. "काही वाईट नाही त्यात," त्या म्हणाल्या, "पण फारच सुंदर उदाहरण आहे." त्याने सांगितलं, पुढच्या वर्षीच्या वर्गाला मी येणार, पण चहा प्यायला मिळाला पाहिजे.

काच तो आता स्वतः फुंकतो. साधी भांडी, नळ्या, फुगे, सगळं. एक डोळा मिटला तरी चालून जातं. पण बारीक कामाला त्याला दोन्ही डोळे उघडे लागतात, म्हणून त्या कामाची हवा माझी. त्याने तसं कधी विचारलं नाही आणि मी कधी कबूल केलं नाही. टेबलाशी दुसरं स्टूल आलं, आणि ते तिथेच राहिलं.

परवा ताई पुन्हा कागद घेऊन खाली आल्या. आतला कान हवा होता त्यांना. गोगलगाईसारखी अडीच वेढ्यांची नळी, आणि तिच्यावर तीन कमानी, तीन वेगवेगळ्या दिशांना, सगळ्या आतून जोडलेल्या. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काचेत होत नाही," तो म्हणाला.

ताई चहा प्यायल्या आणि वर निघून गेल्या. कागद टेबलावरच राहिला. तो बराच वेळ त्या कमानींवरून बोट फिरवत होता. मग मला म्हणाला, "रविवारी शाळेच्या मॅचेस तर नाहीत ना?"